मानेभोवतीचं माप

दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर खाली जातो. साय काढून घेतली की वर येतो. आणि कुणी दोन्ही केलं, आधी साय काढली आणि मग बेतानं पाणी घातलं, तर लॅक्टोमीटर जिथं उभा राहायला हवा बरोबर तिथंच उभा राहतो. आकडा शुद्ध दुधाचा दिसतो. म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर भरवसा ठेवायचा नाही, फॅटही मोजायची. हे मला विसाव्या वर्षी पाठ होतं. तेरच्या पुढं, तेरणेपासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या दूध संस्थेत मी दूध तपासायला होते. मॅट्रिक झालेली गावात मी एकटीच मुलगी होते, म्हणून हे काम मला मिळालं. माझा आकडा कुणी खोडून काढत नसे.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीच्या मानेला गाठ आली.

ही मुलगी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली होती. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. अक्का, दाजी, आई, सगळे मातीकामावर. मी चौदा वर्षांची. मुकादमानं मला पोरं सांभाळायला बसवलं. दोन बाभळींना चादर बांधली होती, तिच्याखाली सात-आठ लेकरं. खायला सुकडी मिळायची, ती दुपारपर्यंत संपायची. मग मिलोची भाकरी. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी, तिची भाकरी गार झाली की चामड्यासारखी व्हायची. भिजवायला पाणी नव्हतं. टँकरचं पाणी माणशी मोजून मिळायचं, ते प्यायलाच पुरत नसे. मग मी भाकरीचा तुकडा चावायचे, चांगला मऊ करायचे आणि बोटानं लेकराच्या तोंडात घालायचे. एकाला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. यात काही विशेष नव्हतं. आईनं आम्हाला असंच भरवलं होतं, तिला तिच्या आईनं. अक्काची मुलगी सगळ्यांत हावरी. माझं तोंड हलायला लागलं की तिचंही हलायचं.

अक्काला दूध येत नव्हतं. शेजारच्या घरातलं एक लेकरू त्या उन्हाळ्यात गेलं. आमचं राहिलं.

मुलगी सहा वर्षांची झाली, शाळेत जायला लागली. एका सकाळी वेणी घालताना अक्काच्या बोटाला डाव्या कानाखाली काहीतरी लागलं.

"हितं बघ गं जरा," ती मला म्हणाली.

हरभऱ्याएवढी गाठ होती. घट्ट, पण दाबलं की सरकणारी.

"उवा झाल्या असतील," आई म्हणाली. "उवांनी गाठ येती. रॉकेल लावा डोक्याला."

रॉकेल लावलं. उवा गेल्या. गाठ राहिली, आणि दोन महिन्यांत बोराएवढी झाली. शेजारी दुसरी आली. दुखत नव्हती, हे आम्हाला चांगलं लक्षण वाटलं. दुखणारी गाठ वाईट आणि न दुखणारी साधी, असा आमचा हिशोब. तो चुकीचा होता. लहान मुलाच्या मानेतली दुखरी गाठ बहुतेकदा घशाची किंवा दाताची असते आणि जाते. न दुखता वाढत राहणारीची भीती बाळगायची, हे मी पुढं शिकले.

शेजारीण येऊन सांगून गेली की जळकोटकडं एक जण गंडमाळ उतरवतो, बिब्ब्यानं डागतो आणि गळ्यात दोरा बांधतो. आईनं तिला चहा पाजला आणि लावून दिलं. आमच्या घरातले देव आजोबांनी छप्पन सालीच नदीत सोडले होते. तेव्हापासून अंगारा नाही, उतारा नाही, गंडा नाही. दुखलं की दवाखाना. आम्हाला याचा अभिमान होता, आणि अजूनही आहे. पुढं जे झालं ते त्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या अभिमानाचाही त्यात एक वाटा आहे.

आम्ही मुलीला घेऊन एसटीनं धाराशिवला गेलो. कागदोपत्री उस्मानाबाद, घरात आम्ही धाराशिवच म्हणतो. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी मान तपासली, घरात कुणाला खोकला आहे का विचारलं. आमच्या एका चुलत्याला टीबी होऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, मानेच्या गाठींचा टीबी दिसतोय. तीन महिने सुया आणि गोळ्या. त्या काळी अशी गाठ बहुतेकदा टीबीचीच निघायची, त्यामुळं मी त्यांना दोष देत नाही. निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. "गाठ वाढली तर तीन महिने थांबू नका. लगेच आणा. वाढली नाही, तर औषध लागू पडतंय असं समजा."

मी विचारलं, "वाढली की नाही, ते कसं ओळखायचं?"

ते हसले. "रोज बघणाऱ्याला कळत नाही, हे खरं आहे. मापून ठेवा."

मी मापून ठेवायचं ठरवलं. त्यांच्या मनात नुसती गाठ होती, हे मला आज कळतं. पण गाठींना कडा नव्हत्या, एकात एक मिसळलेल्या होत्या, पट्टी कुठं लावायची तेच कळेना. मग मी मानेचाच घेर घ्यायचा असं ठरवलं. गाठी वाढल्या तर घेर वाढणारच. एक जाड काळा दोरा घेतला. दर शनिवारी सकाळचं दूध संकलन संपलं की मुलीला घरातल्या ओट्यावर बसवायचं, गाठींवरून दोरा फिरवायचा, शाईची खूण करायची, शाळेच्या पट्टीवर मोजायचं आणि वहीत लिहायचं. एका बाजूला तारीख, दुसऱ्या बाजूला इंच.

पहिल्यांदा दोरा काढला तेव्हा आई ताठ उभी राहिली. "आपल्यात दोरे बंद झालेत."

"हा गंडा न्हाय, आई. माप हाय."

"गळ्याला काळा दोरा लागला की लोकं काय म्हणतील?"

"लागून लगेच सुटतो. कोण बघतंय?"

आईनं त्यावर दार लोटून घेतलं. पुढचे सगळे शनिवार ते माप लोटलेल्या दाराआड झालं.

मुलीला या सगळ्याची गंमत वाटायची. ती संस्थेत माझ्याबरोबर यायची. दूध घालायला आलेली माणसं फॅटच्या नळ्यांकडं डोळे लावून कशी उभी राहतात ते तिनं पाहिलं होतं. माझा दोरा सुटला की ती त्यांच्यासारखा आवाज काढायची, "बाई, आमची फॅट किती लागली?"

"पावणेअकरा."

"लई झाली की. दर वाढवा आता."

पहिल्या महिन्यात पावणेअकरा. दुसऱ्या महिन्यात पावणेअकरा. एकदा दोऱ्याच्या जाडीएवढं कमीसुद्धा भरलं. मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, सुया लागू पडल्या. दाजी औषध आणायला धाराशिवला जायचे, तेव्हा वही बरोबर न्यायचे. मुलीला कशाला एसटीचे धक्के, असं आमचंच ठरलं होतं. आकडे होते ना. डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि तीच औषधं चालू ठेवायला सांगितलं.

बाकीच्या गोष्टी वहीत नव्हत्या. तिची गोधडी सकाळी ओली असायची, अंथरुणात लघवी झाल्यासारखी, पण वास नसायचा. नुसता घाम. थंडीचे दिवस होते. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, सकाळी उतरायचं. पाय खाजवून खाजवून ती रक्त काढायची. आम्ही म्हणालो, सुयांची उष्णता. जेवण सुटलं, आम्ही म्हणालो, गोळ्यांनी तोंड कडू झालं असेल. प्रत्येक गोष्टीला एक कारण सापडत गेलं, आणि वहीतला आकडा त्या सगळ्या कारणांच्या पाठीशी उभा राहिला. अक्का मात्र त्या दिवसांत कमी बोलायला लागली होती. दुपारी दारात बसून काहीतरी शिवत असायची. मी विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय, जुनंपानं."

तिसरा महिना सरता सरता मुलगी आडवी झोपेना. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. कोरडा खोकला सुरू झाला. एका सकाळी तिचा चेहरा सुजलेला दिसला, ओठ निळसर. मी संस्थेत निरोप पाठवला की आज दूध तुम्हीच बघा, आणि आम्ही पहिली एसटी धरली.

धाराशिवच्या डॉक्टरांनी या वेळी मानेला हातच लावला नाही. काखेत बोटं घातली, जांघेत घातली, मग पोट दाबलं. दाबता दाबता ते थांबले आणि पुन्हा त्याच जागी दाबलं. मग चिठ्ठी लिहिली. "आजच सोलापूरला जा. घरी जाऊ नका."

सोलापूरचे डॉक्टर तरुण होते, भराभर बोलणारे. "कधीपासून आहे?"

मी वही पुढं केली. मला वाटलं, निदान इथं तरी माझं काम कामाला येईल. सगळ्या तारखा, एकही शनिवार चुकलेला नाही. त्यांनी पान उलटलं, दुसरं उलटलं. मग वही तशीच उघडी ठेवून मला विचारलं, "वजन?"

"कुणाचं?"

"मुलीचं. वजन कुठं लिहिलंय?"

वजन लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मुलीला काट्यावर उभं केलं आणि अक्काला विचारलं, दिवाळीला ही केवढी होती.  अक्कानं मुलीच्या झग्याची पाठ मुठीत धरली होती.

"हे बघा," डॉक्टर मला म्हणाले, आणि मुलीच्या मानेच्या उजव्या बाजूला, जिथं गाठ नव्हती तिथं, दोन बोटांनी कातडी धरली. चिमूटभर कातडी, आत काहीच नाही. "मान या बाजूनं बारीक होत गेली. त्या बाजूनं गाठ वाढत गेली. घेर तोच राहिला."

त्यांनी एवढंच सांगितलं. पुढचं त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. साय काढायची आणि बेतानं पाणी घालायचं.

मानेतली एक गाठ काढून तपासायला दिली. उत्तर यायला वेळ होता. मी दवाखान्याच्या पॅसेजमधून जात असताना प्रयोगशाळेचं दार उघडं दिसलं. आत नळ्या गोल फिरवायचं यंत्र चालू होतं, आमच्याकडं हातानं फिरवायचं होतं, हे विजेवर. मी दारातच थांबले. तिथले तंत्रज्ञ वयस्क होते. त्यांनी विचारलं, काय पाहिजे. मी म्हटलं, आमच्या डेअरीत असलंच यंत्र आहे. ते हसले, आणि दोन दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकाखाली काच दाखवली. दाखवायला नको होती असं काही जण म्हणतील. मला त्यांचे उपकार वाटतात.

"मधे बघा. मोठं काहीतरी दिसतंय?"

दिसलं. फिकट, मोठी, एकटी पेशी. तिच्या पोटात दोन गोल, गोलांत काळे ठिपके. घुबड समोरून बघतं तशी ती माझ्याकडं बघत होती.

"आणि भोवती?"

भोवती बारीक निळ्या ठिपक्यांची दाटी. शेकडो.

"ते सगळे रोगाशी लढणारे," ते म्हणाले. "शरीराचे शिपाई. ही गाठ बरीचशी त्यांचीच बनलेली आहे. खरा चोर एवढासा, मधे बसलेला."

"मग ते त्याला धरत का न्हाईत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही, बाई."

टीबी नव्हताच, गाठींचा कॅन्सर होता. उपचार सुरू झाले. शिरेतून औषध, मग गोळ्या, मग थांबायचं, मग पुन्हा. डॉक्टरांनी सांगितलं की हा रोग लवकर हाती लागला तर बरी होणारी मुलं त्यांनी पाहिली आहेत. हिचा मानेतून छातीत उतरलाय, पोटात गेलाय. तरीही प्रयत्न करू. पहिल्या औषधानंतर पंधरा दिवसांत गाठी लोण्यासारख्या विरघळल्या. मुलगी आडवी झोपायला लागली. केस गेले, तिला त्याचं काही वाटलं नाही. टक्कल दाखवून म्हणायची, "आता रॉकेल वाचलं." घरी आली की शनिवारी स्वतःच ओट्यावर येऊन बसायची आणि मान पुढं करायची. मी दोरा घेत नव्हते. मी तिला संस्थेतल्या मोठ्या काट्यावर, दुधाच्या कॅनच्या जागी उभी करायचे.

वजन दोन महिने वाढलं. मग थांबलं. मग उतरायला लागलं. मी आकडा पाहून कुणाला काही सांगण्याआधीच आम्हा सगळ्यांना कळलेलं असायचं. ज्वारी काढायला आली तेव्हा ताप परत आला, आणि या वेळी औषधाला गाठी विरघळल्या नाहीत. ती उन्हाळ्यात गेली. सोलापूरला, दुपारी, अक्काच्या मांडीवर. सातवं वर्ष पुरं व्हायला थोडे दिवस होते.

त्या तंत्रज्ञांनीच मला पुढं प्रयोगशाळेच्या कोर्सचा कागद पाठवला. मी केला. आज वीस-बावीस वर्षं धाराशिवला रक्त, लघवी, थुंकी तपासते आहे. मला काम आवडतं. माझ्या टेबलावर लहान मुलाचा नमुना आला की मी कागदावर वजन लिहिलंय का बघते, आणि नसेल तर नमुना परत पाठवते. नर्सबाई माझ्यावर कुरकुरतात.

मधल्या काळात त्या घुबडडोळ्याच्या पेशीबद्दल बरंच कळलं. एका प्रशिक्षणात शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ती पेशी मुळात शिपायांपैकीच एक, बिघडलेली. लहानपणी हा आजार झालेल्या पुष्कळ मुलांत तिच्या आत एक विषाणू दडलेला सापडतो. विषाणू अगदी साधा, आपल्या बहुतेक सगळ्यांच्या अंगात असतो. लहान वयात शिरतो, बऱ्याचदा साधा तापही येत नाही, मग जन्मभर गप्प बसतो, कारण शिपाई त्याच्यावर नजर ठेवून असतात. क्वचित कुणाच्या बाबतीत काहीतरी चुकतं. बिघडलेली पेशीच शिपायांना बोलावून घेते आणि त्यांना नुसतं उभं करून ठेवते.

"तो शिरतो कसा?" मी विचारलं.

"थुंकीतून," बाई म्हणाल्या. "उष्ट्या पेल्यातून, पाप्यातून. आपल्याकडं चावून भरवतात, त्यातून."

मी माझ्या वहीत ते लिहून घेतलं. थुंकीतून.  दोन बाभळींमधली चादर डोळ्यांसमोर आली आणि हलेना.

बाईंनी हेही सांगितलं की चावून भरवलं नाही तरी दुसरीकडून तो शिरतोच, आणि लाखो मुलांना काही होत नाही, म्हणून कुणी कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. मला ते पटतं. तरीही हे अक्काला सांगितल्याशिवाय राहणं मला लबाडीचं वाटायला लागलं. मागच्या दिवाळीत मी गावी गेले. अक्का दारात तूर निवडत बसली होती. मी समोर बसले, सुपात हात घातला आणि सांगून टाकलं. विषाणू, थुंकी, मिलोची भाकरी, सगळं.

तिनं खडा काढून बाजूला टाकला. "त्या साली तू चावून घातलं न्हायतर पोरगी तवाच गेली असती. शेजारचं गेलं तसं. सहा वर्सं मिळाली ती तुझ्या चावण्यानं."

मला हलकं वाटायला हवं होतं. मी म्हटलं, "मापाचं तर माझं चुकलंच. वजन घ्यायला पायजे होतं. मला कळायला पायजे होतं."

अक्कानं सुपातली तूर बोटांनी पसरली. मग म्हणाली, "मला दिसत होतं की."

"काय?"

"वाळत होती ते. म्या तिचा झगा दोनदा आत शिवला. दिवाळीचाच झगा, नवा. खांद्यावरनं गळायला लागला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू लिहून ठेवत होतीस." ती माझ्याकडं बघत नव्हती. "दर शनिवारी वाचून दावत होतीस. म्या म्हणलं, ही शिकलेली हाय, हिच्याजवळ आकडा हाय. आपल्या डोळ्याला काय कळतंय."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी विचारलं झगा आहे का. ती उठली, आत गेली आणि घेऊन आली. निळा, बारीक फुलांचा. मी तो उलटा केला. दोन्ही बाजूंना काखेपासून कमरेपर्यंत हातशिलाईच्या दोन ओळी होत्या, आणि आतल्या बाजूला तिसरी, नुसते लांब टाके घातलेली, पक्की करायची राहिलेली. पहिली आणि तिसरी यांच्यात माझी तीन बोटं बसली. त्याच महिन्यांत माझ्या वहीत पावणेअकरा, पावणेअकरा, पावणेअकरा.